‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ : छोट्या गाडीच्या मायलेजचा इतिहास

आज आपण एका प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" ब्रेक कसे आहेत, अपघातात गाडी कितपत टिकेल, हे सहसा कुणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी मारुतीने हाच प्रश्न हिंदीतून विचारत जाहिरातींची एक मालिका केली होती आणि लोक तिच्यावर मनापासून हसले, कारण तो प्रश्न घरोघरचा होता.

तर आधी हा शब्दच पाहू. इंग्रजीत ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणजे नुसती सरासरी. कशाची, ते वेगळं सांगावं लागतं. मराठीत मात्र तो शब्द थेट लिटरमागे किती किलोमीटर या अर्थाने बसून गेला. आम्हाला यात एक शहाणपण दिसतं. गाडी रोज सारखंच अंतर देत नाही, आज चौदा, उद्या सतरा, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो सरासरी विचारतो. दुसरा शब्द ‘मायलेज’. त्यात मैल अडकलेला आहे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत मैल जाऊन किलोमीटर आले, गॅलन जाऊन लिटर आला. पण शब्द राहिला तो राहिलाच. जुने लोक ‘गॅलनला तीस’ म्हणायचे. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरहून थोडा मोठा. तेव्हा गॅलनला तीस मैल म्हणजे आजचे लिटरला साडेदहा किलोमीटर. त्या काळी ती चांगली गाडी समजली जाई.

आता हा हिशोब लोक का ठेवायला लागले? टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, कुपनं आली. कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवायचे प्रयोग झाले. मागे किंवा बाजूला भट्टीसारखं धूड बांधलेली बस तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी पाहिली असेल. पण तेव्हा मोटार मुळात मोजक्यांकडे. मध्यमवर्गाच्या डोक्यात लिटर शिरला तो १९७३ नंतर.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंप तीन डॉलरच्या आसपासून बारा डॉलरच्या जवळ गेला. भारत तेव्हा गरजेच्या तेलापैकी बहुतांश तेल आयात करत होता. सरकारने पेट्रोल महाग केलं. त्याचा निषेध म्हणून नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. त्या बैलगाडीचा फोटो अजून फिरतो, आणि गंमत म्हणजे पेट्रोल वाढलं की सत्तेत असलेल्या कुठल्याही पक्षाविरुद्ध फिरतो! फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ जहाजाला बॉम्बे हायचं तेल लागलं, १९७६ पासून ते यायला लागलं. दिलासा मिळाला, पण भागलं नाही. १९७८ साली सरकारने तेलबचतीसाठी पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था उभी केली. पेट्रोल वाचवा असं सांगणाऱ्या तिच्या जाहिराती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या संस्थेचा एक सल्ला गाड्या चालवणाऱ्यांना पाठ झाला होता : वेग ताशी ४५ ते ५५ ठेवा. ऐंशीच्या वेगाशी तुलना केली तर चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळतं, असं त्यात सांगितलेलं असे.

हा सल्ला कुठून आला ते समजून घ्या, कारण पुढे तो लागणार आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. दुसरीकडे फार हळू गेलं तर इंजिन स्वतःला फिरवत ठेवण्यातच बरंच पेट्रोल खातं. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी स्वस्तातला वेग असतो. चार गिअरच्या जुन्या गाड्यांमध्ये तो पन्नासच्या आसपास पडायचा.

त्या गाड्या तरी कोणत्या होत्या? कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अ‍ॅम्बॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिचं पुढे प्रीमियर पद्मिनी असं नाव झालं, आणि मद्रासची स्टँडर्ड. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून अजरामर झाली. या गाड्यांचं मायलेज म्हणजे बोलून चालून अंदाज. अ‍ॅम्बॅसिडरवाला आठ-दहा सांगे, पद्मिनीवाला दहा-बारा, आणि दोघेही एकमेकांना खोटं ठरवत. कारण गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा मालक कंपनी नव्हतीच. कोपऱ्यावरचा मेकॅनिक होता. कार्ब्युरेटरचा जेट, प्लगमधली फट, पॉइंट, टॅपेट हे सगळं त्याच्या हातात. स्क्रू अर्धा वळण इकडे फिरवला की गाडी ‘ओढायला’ लागे आणि पेट्रोल पीत सुटे, तिकडे फिरवला की अ‍ॅव्हरेज सुधारे पण चढावर दम टाकी. लोक ‘ट्यूनिंग’ला गाडी टाकत आणि दुसऱ्या दिवशी सिंहगडापर्यंत नेऊन बघत.

याच काळातली एक सवय : उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून देणं. बोरघाट उतरताना कित्येक ड्रायव्हर असं करत आणि काही महाभाग तर इंजिनही बंद करत. धोका उघड होता. इंजिनाची अडवणूक गेली की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पाय आत जातो आणि गाडी थांबत नाही. पण पेट्रोलपुरतं बोलायचं तर त्या काळी त्यात थोडंफार तथ्य होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत गिअर घालून उतरलं तरी इंजिनाची ओढ जेटमधून थोडं पेट्रोल खेचतच राहायची. हे लक्षात ठेवा, याचा पुढचा भाग आहे.

आता १९८३. १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. देशात तोवर वर्षाला जेमतेम चाळीसेक हजार मोटारी बनत. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन करताना जी उद्दिष्टं लिहिली गेली, त्यात वाहन उद्योगाचं आधुनिकीकरण होतं, मोठ्या संख्येनं उत्पादन होतं आणि तिसरं होतं दुर्मीळ साधनं वाचवणाऱ्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्या. म्हणजे छोटी गाडी आणि अ‍ॅव्हरेज यांची गाठ सरकारी कागदावर बांधली गेली ती इथं, आणि तिच्यामागे १९७३ चा झटका होता. मारुती ८०० म्हणजे केवळ मध्यमवर्गाच्या स्वप्नाची गोष्ट, असं नेहमी सांगतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ती तेलाच्या बिलाचीही गोष्ट आहे.

ती गाडी मुळात जपानची. तिथे ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्गच आहे, ज्याला इंजिनाच्या आकाराची मर्यादा असते. तेव्हा ती ५५० सीसी होती. सुझुकीने त्याच अंगाच्या गाडीत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं. तिचं वजन साधारण साडेसहाशे किलो. पद्मिनी नऊशेच्या आसपास, अ‍ॅम्बॅसिडर अकराशेच्या वर. शहरात गाडी सारखी थांबते आणि सारखी निघते, आणि प्रत्येक वेळी निघताना तिचं सगळं वजन नव्याने पळवावं लागतं. तिथेच हलकी गाडी पैसे वाचवते. शिवाय इंजिन पुढे आणि जोर पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाही. लोक पंधरा, सोळा, हायवेला वीस असे आकडे सांगू लागले. पहिल्यांदा त्यावर कुणी विश्वासच ठेवत नव्हतं. ज्यांनी पद्मिनी वापरलेली, ते टाकी फुल्ल करून पुन्हा पुन्हा मोजत. आणि इथून घरोघरच्या वह्या सुरू होतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही, तिला दोरीने बांधलेलं पेन, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. आम्ही अशा काही वह्या पाहिल्या आहेत. त्यात मधेच ‘टायर बदलले’, ‘शिर्डी, पाचजण’, ‘डॉक्टरकडे रात्री’ अशा नोंदी सापडतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारा ऐवज आहे हा.

त्याच दशकात १९८५ ला शंभर सीसीची चार स्ट्रोक मोटरसायकल आली आणि दुचाकीवाल्यांचीही अपेक्षा एकदम वर गेली. तो विषय वेगळा, सोडून देऊ.

आता आपण पुण्यात येऊ. कोथरूडच्या वर, वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ ची संस्था. टेकडीवर फिरायला जाणारे तिच्या कुंपणाशेजारून जातात. शोरूममध्ये जो आकडा सांगतात, ‘एआरएआय प्रमाणित बावीस पॉइंट काहीतरी’, तो अशा चाचणी संस्थेत ठरतो. कसा? गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात, रोलरला रस्त्याइतका आणि हवेइतका विरोध दिला जातो, आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. आणखी एक गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटतं : तिथे पेट्रोल मापाने मोजत नाहीत. धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि उलट हिशोबाने किती पेट्रोल जळलं ते काढतात. पेट्रोलमधला कार्बन जाणार कुठे? धुरातच. पद्धत अगदी चोख आहे.

मग भानगड कुठे आहे? त्या रेषेत. पडद्यावरची जी वेगाची रेषा, तिला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. सुरुवातीला आपल्याकडे भारतीय रस्त्यांवरून काढलेली एक सायकल होती, १०८ सेकंदांची, सहा वेळा फिरवायची, कमाल वेग ताशी ४२. त्या काळच्या शहराला साजेशी. २००० च्या सुमारास आपण युरोपच्या पद्धतीकडे वळलो. युरोपच्या सायकलमध्ये कमाल वेग १२० होता, आपण तो ९० वर आणला आणि तिला ‘सुधारित भारतीय सायकल’ म्हणालो. एकूण वीस मिनिटांना वीस सेकंद कमी, सरासरी वेग ताशी बत्तीस-तेहतीस. तिच्या शहरी भागाचं मूळ १९७० च्या युरोपात आहे. त्यात शून्यापासून पन्नासपर्यंत पोचायला सव्वीस सेकंद घ्यायचे असतात. सव्वीस! तुम्ही उद्या नळस्टॉपच्या सिग्नलवरून असे निघून बघा. मागचे हॉर्न तुम्हाला जागेवर राहू देणार नाहीत. एसी बंद, खिडक्या बंद, चढ नाही, खड्डा नाही, मागे सामान नाही.

हा आकडा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो लागतोच. सगळ्यांना एकच पेपर दिला तर गुणांची तुलना करता येते. पण तो तुमच्या संसाराचा आकडा नाही. २००९ च्या सुमारास कारखानदारांनी आपणहून हे आकडे जाहीर करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून घरातली वही मागे पडली. लोक बोलताना शोरूमचा आकडाच आपला म्हणून सांगू लागले आणि कमी पडला की फसवणूक झाली म्हणू लागले. युरोपात याचा अभ्यास झालेला आहे. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यातली तफावत २००१ मध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास होती, ती पंधरा वर्षांत चाळीसच्या घरात गेली. गाड्या वाईट झाल्या म्हणून हे झालं नाही. कारखानदारांना पेपर पाठ झाला. शेवटी २०१७ पासून युरोपने तो पेपरच बदलला. अमेरिकेने हे आधीच ओळखलं होतं. तिथल्या सरकारने १९८५ पासून शहराच्या आकड्यातून दहा टक्के आणि हायवेच्या आकड्यातून बावीस टक्के कापूनच ग्राहकाला दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडेही असं व्हायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि पेपरफुटीचंही एक उदाहरण. मारुतीचं माहेर जे केई गाड्यांचं जग, तिथलंच. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीने कबूल केलं की सुमारे सव्वासहा लाख केई गाड्यांच्या चाचण्यांत आकडे फिरवले होते. पाठोपाठ सुझुकीनेही सांगितलं की आपणही ठरलेल्या पद्धतीने काही मोजमाप केलं नव्हतं. चूक कशात होती पाहा. मघाशी म्हटलं ना, रोलरला रस्त्याइतका विरोध द्यावा लागतो? तो किती द्यायचा हे मैदानावर गाडी वेगात नेऊन, सोडून देऊन, ती किती वेळात मंदावते यावरून ठरवतात. सुझुकीचं म्हणणं असं की आमचा ट्रॅक समुद्राजवळ टेकडीवर, वारा फार, म्हणून आम्ही सुट्या भागांच्या मोजमापांची बेरीज केली. म्हणजे अख्खी प्रयोगशाळा चोख, पण तिच्यात आधी भरलेला एक आकडा पातळ. लिटरला पाव-अर्धा किलोमीटर जास्त दाखवायचा मोह केवढा मोठा असतो, हे यावरून कळतं.

आता आपली घाटातली न्यूट्रलची गोष्ट पूर्ण करू. १९९५ मध्ये महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मारुती ८०० मध्येही आलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या हातातला स्क्रू गेला आणि त्या जागी एक छोटा संगणक आला. या संगणकाला एक गोष्ट कळते : गाडी गिअरमध्ये आहे, चालकाने अ‍ॅक्सिलरेटर सोडला आहे, चाकंच इंजिनाला फिरवत आहेत. मग तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. पूर्ण म्हणजे शून्य. तुम्ही न्यूट्रल केलंत की मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे जी सवय १९७५ मध्ये धोक्याची पण थोडी फायद्याची होती, ती आज धोक्याची आणि तोट्याचीसुद्धा आहे. तरी बोरघाटात आजही लोक न्यूट्रल करतात, कारण वडिलांनी शिकवलं. तंत्र बदललं, म्हण तीच राहिली.

पंचेचाळीस-पंचावन्नचंही तसंच थोडं. पाच गिअरची, बऱ्या आकाराची आजची गाडी साठ-सत्तरलाही काटकसरीने जाते. पण ऐंशीच्या पुढे हवेचा वर्गाचा नियम कुणाला सोडत नाही. एक्स्प्रेसवेवर शंभरऐवजी ऐंशीने गेलं तर हवेचा विरोध छत्तीस टक्क्यांनी कमी होतो. मुंबई-पुण्यात फरक पडतो तो पंधरा-वीस मिनिटांचा. बाकी टायरची हवा, डिकीतलं निष्कारण सामान, सिग्नलला इंजिन बंद करणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो : बरंच पेट्रोल ब्रेकमध्ये जातं. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी शेवटच्या क्षणापर्यंत पळवायची आणि कचकन थांबवायची, म्हणजे पेट्रोलने कमावलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता करून टाकायचा. लांबूनच पाय काढला, तर तो संगणक पेट्रोल बंद करतो.

सरकारच्या बाजूने काय झालं? जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला. १६ जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. २०२१ च्या मे अखेरीस मुंबईत लिटरने शंभरी ओलांडली. आणि कारखानदारांसाठी एप्रिल २०१७ पासून नियम आला, तो एकेका गाडीला लागू नव्हता, तर कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरीला. पहिला टप्पा शंभर किलोमीटरला ५.४९ लिटर, २०२२ पासूनचा दुसरा ४.७७ लिटर. आपल्या भाषेत लिटरला अठरा आणि एकवीस. पण यात एक मेख आहे. हे लक्ष्य गाडीच्या वजनाला जोडलेलं आहे. कंपनीच्या गाड्या जड, तर लक्ष्य सैल. पहिल्या टप्प्यात गृहीत धरलेलं सरासरी वजन १०३७ किलो, दुसऱ्यात ११४५. मारुती ८०० च्या साडेसहाशेपासून आपण कुठे आलो पाहा. सुरक्षिततेसाठी वजन वाढलं ते योग्यच, पण त्यातला मोठा वाटा आपल्या उंच, रुंद गाड्यांच्या हौसेचा आहे. इंजिनं सुधारून जे वाचवलं त्यातलं बरंचसं वजनाने खाल्लं. तिसऱ्या टप्प्यात छोट्या गाड्यांना वेगळी सवलत द्यावी का, यावर कारखानदारांमध्येच भांडण लागलं. १९८१ च्या कागदावरची छोटी गाडी आता सवलत मागते आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदवण्यासारखं वाटतं.

आता सगळ्यात ताजं. इथेनॉल. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्याचा यात थेट संबंध आहे, त्यामुळे घरोघरी दोन मतं असणार. २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागलं, २०२५ पर्यंत ते सर्वदूर झालं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा असते. यावरून शाळेतला हिशोब करा : शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. दहा टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या जवळ. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट लिहिलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लोक ओरडायला लागले तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने म्हटलं, नव्या जुळणीच्या गाड्यांत एक ते दोन टक्के, इतरांत तीन ते सहा. लोक म्हणत होते, आमची गाडी अठराची बारावर आली.

खरं कोण? आम्हाला इथे खरा प्रश्न वेगळा दिसतो : कुणाकडे आधीची नोंद होती? बहुतेकांकडे नव्हती. वही कधीच गेलेली. आठवणीतले अठरा, शोरूमचे बावीस आणि कालच्या एका टाकीचे बारा अशी तुलना चालली होती. महिन्याला आठशे किलोमीटर चालणाऱ्या अठराच्या गाडीत चार टक्के घट म्हणजे महिन्याला दोनेक लिटर, दोनशे रुपये. कुटुंबाला ती रक्कम लहान नाही, देशभराची बेरीज केली तर प्रचंड आहे. पण लिटरला तो फरक फक्त पाऊण किलोमीटरचा आहे, आणि पाऊण किलोमीटर एका टाकीवरून सिद्ध करता येत नाही. का ते सांगतो.

समजा तुम्ही पंचवीस लिटर भरता. पंपाचा नोझल कधी लवकर तुटतो, कधी उशिरा, गाडी थोडी तिरकी उभी असते. ‘फुल्ल’मध्ये एक लिटरचा फरक सहज पडतो. पंचवीसात एक म्हणजे चार टक्के. म्हणजे जे शोधायचं आहे तेवढीच मोजण्याची चूक! पण दहा टाक्या सलग फुल्ल भरल्या, पहिल्या फुल्लपासून शेवटच्या फुल्लपर्यंतचे एकूण किलोमीटर घेतले आणि त्यांना पहिलं भरणं सोडून बाकी सगळ्या लिटरच्या बेरजेने भागलं, तर मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उरते फक्त दोन टोकांची चूक. सव्वादोनशे लिटरमध्ये एक लिटर, अर्ध्या टक्क्याहून कमी. आता चार टक्के दिसतील. प्रत्येक टाकीचं अ‍ॅव्हरेज काढून त्यांची पुन्हा सरासरी काढू नका, तिथे लोक हमखास घसरतात. घाट चढताना दहा आणि तेवढाच उतरताना तीस मिळाले, तर सरासरी वीस येत नाही, पंधरा येते. करून बघा.

आणखी : एप्रिल-मेची एसीची टाकी जुलैच्या टाकीशी लावू नका, मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेशी लावा. टायर बदलल्याची नोंद ठेवा. टायर झिजलं की चाकाचा घेर दोन टक्क्यांनी कमी होतो, चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे गुळगुळीत टायरवर अ‍ॅव्हरेज उगाच चांगलं दिसतं. पंपाच्या मापाची शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे चालतं.

वेळ होत आला, दोन चिठ्ठ्या आल्या आहेत त्या घेतो. पहिली : "नव्या गाडीत पडद्यावर अ‍ॅव्हरेज दिसतंच, मग वही कशाला?" चांगला प्रश्न आहे. तो पडदा पेट्रोल मोजत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडे होते त्यावरून हिशोब करतो. बऱ्याच गाड्यांत तो थोडं चढवून सांगतो. पण एका गाडीत ती चढण साधारण तेवढीच राहते. दहा टाक्यांची वही एकदा करा, पडद्याच्या आकड्याशी ताळा घ्या, किती टक्के फरक ते लिहून ठेवा. मग पुढे पडदा वापरलात तरी चालेल.

दुसरी : "माझ्याकडे जुन्या नोंदी काहीच नाहीत, आता इथेनॉलच्या आधीचं कसं कळणार?" हे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम आहे. वही नसली तरी कागद असतात. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहिलेलं असतं. २०२१ आणि २०२२ ची दोन बिलं काढा, मधलं अंतर मिळालं. त्या काळात पंपावर कार्डाने किंवा फोनवरून पैसे दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यात ते तारखेसकट आहेत. आणि प्रत्येक शहराचा त्या त्या दिवसाचा पेट्रोलचा भाव प्रसिद्ध होतो, मागचेही मिळतात. रुपयांना भावाने भागा, लिटर आले. रोखीने भरलेलं असेल तर मात्र अवघड, तो भाग वगळावा लागेल. पण वर्षभर सगळं कार्डावर असेल तर या हिशोबाने दोन-तीन टक्क्यांच्या आत आकडा निघतो. ज्यांची चिठ्ठी आहे त्यांनी बिलं घेऊन पुढच्या वेळी थोडं लवकर यावं, आम्ही बसून मांडून देऊ.